१३२५ सीएनसी राउटर घ्यायचाय: मशीन कसं निवडावं आणि व्हॅक्यूम बेड स्वस्तात कसा बसवावा?

आठ_बाय_चार
मॉड्युलर किचनचे कार्कस (कपाटांचे सांगाडे) आणि शटर, शिवाय देवघर-पार्टिशनची एमडीएफ जाळी, असं काम आहे. दिवसाला ६ ते १० शीट. सीएनसी राउटर (कॉम्प्युटरच्या फाइलवरून बिट फिरवून शीट कापणारं मशीन) १३२५ म्हणजे १३०० बाय २५०० मिमी बेडचंच हवं, कारण आपली प्लाय १२२० बाय २४४०. मशीन आणि शीट धरायची व्यवस्था मिळून बजेट साताठ लाख. विक्रेते दोन प्रकार दाखवतात: टी-स्लॉट बेड (खाचांत बोल्ट अडकवून शीट आवळायचा), किंवा कंपनीकडूनच व्हॅक्यूम बेड (खालून हवा ओढून शीट धरणारा) आणि साडेसात किलोवॉटचा वॉटर रिंग पंप. दुसऱ्याचा भाव ऐकून घाम फुटतो.
१) मशीनमध्ये नेमकं काय बघायचं?
२) टी-स्लॉट घेऊन व्हॅक्यूम घरी बसवला तर चालतो का?

गुण्या
पहिल्याचं उत्तर आधी. स्पिंडलच्या (बिट फिरवणाऱ्या मोटरच्या) किलोवॉटवर भुलू नका. गँट्री (बेडवरून सरकणारी आडवी कमान), रेल आणि मोटर बघा.

रेल २५ मिमीची चौकोनी असावी, निदान एक्स आणि वाय या दोन्ही आडव्या अक्षांवर. गँट्री दोन्ही बाजूंनी ओढणाऱ्या दोन मोटर असाव्यात. रॅक तिरक्या दात्यांचा, झेडला (वर-खाली अक्षाला) बॉलस्क्रू. साधे स्टेपर (पायरी-पायरीने फिरणारे मोटर) जोरात पळवले की टॉर्क गळतो आणि स्टेप चुकली तरी मशीन गप्प राहतं. अर्धं कपाट तिरकं कापून झाल्यावर कळतं. क्लोज्ड लूप (स्वतःची जागा तपासत फिरणारा) स्टेपर किंवा ७५० वॉट सर्व्हो असेल तर अलार्म देऊन थांबतं. स्पिंडल साडेचार किलोवॉट एअर-कूल्ड पुरे. कॉलेट (बिट धरणारी चिमटी) ईआर२५ किंवा ईआर३२ हवा, ईआर२० मध्ये १३ मिमीपेक्षा जाड दांड्याचा कटर धरवत नाही.

डेमोला गेलात की २४०० बाय १२०० चा चौकोन आखायला लावा आणि दोन्ही कर्ण मोजा. २६८३ च्या आसपास येतील. आकडा महत्त्वाचा नाही, दोन्ही सारखे हवेत. अर्ध्या मिमीच्या वर फरक असेल तर गँट्री गुण्यात नाही.

फेज_गेली
+१. कंट्रोलरबद्दल: हातातला डीएसपी ए११ पेनड्राइव्हवरून फाइल वाचतो, धुळीत टिकतो, लाइट गेली तर जिथं थांबला तिथून उचलतो. कॉम्प्युटरवाल्या कंट्रोलरचा स्क्रीन मोठा, पण वर्कशॉपच्या भुशात पीसीचा पंखा महिन्यात चोंदतो.

वायरिंग आधीच ठरवा. स्पिंडल, डस्ट कलेक्टर आणि व्हॅक्यूम तिघं एकदम चालणार, त्यामुळे मंजूर भार तिघांची बेरीज करून घ्या. मशीन आल्यावर महावितरणकडे धावण्यात अर्थ नाही.

भुसा
व्हॅक्यूम कशाला हवा? चार कोपऱ्यांत चार स्क्रू मारा. सुताराचा स्क्रू कधी गळत नाही.

शून्य_अंश
@भुसा, दिवसाला २ शीट असतील तर तुमचंच बरोबर. १० शीट असतील तर प्रत्येक शीटला स्क्रू मारणं-काढणं मिळून ८-१० मिनिटं, म्हणजे रोज दीड तास. शिवाय शीट मधे फुगीर असते. कोपऱ्यात दाबली तरी मधे २-३ मिमी उठलेली राहते आणि खाचेची खोली बदलते. आणि तो एक स्क्रू टूलपाथमध्ये (बिटाच्या वाटेत) आला की कार्बाइड बिटाचे तुकडे कुठं जातील ते सांगता येत नाही.

आता व्हॅक्यूम. आधी हिशेब, मग पंप.

धरण्याची ताकद म्हणजे दाबातला फरक गुणिले तुकड्याचं क्षेत्रफळ. व्हॅक्यूम क्लीनरच्या मोटरवर बेडखाली २० किलोपास्कल मिळाला तर प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर साधारण ०.२ किलो. ३०० बाय ६०० चं शटर १८०० चौरस सेंमी, म्हणजे ३६० किलो दाब. पण बिट तुकड्याला आडवा ढकलतो, त्यामुळे उपयोगी पडतं ते घर्षण. घर्षणाचा गुणांक ०.३ धरा: आडवा १०८ किलो. भरपूर झालं.

बिट किती ढकलतो? ६ मिमीचा बिट १८००० आरपीएमवर, धारेचा वेग सेकंदाला ५.६५ मीटर. कापताना १ किलोवॉट खात असेल तर १००० भागिले ५.६५, म्हणजे १७७ न्यूटन, साधारण १८ किलो. आता १०० बाय १०० चा तुकडा घ्या: १०० चौसेंमी, २० किलो दाब, घर्षणाने ६ किलो. १८ किलोपुढं ६ किलो टिकत नाही. तुकडा सरकणारच.

म्हणून २० किलोपास्कलवर २५० बाय २५० पेक्षा मोठे तुकडे निर्धास्त कापा. त्याहून लहान असले तर पंप बदलायच्या आधी कापायची पद्धत बदला.

आठ_बाय_चार
हिशेब झकास! पण व्हॅक्यूम क्लीनरची मोटर म्हणजे घरातला क्लीनर जोडायचा?

शून्य_अंश
नाही हो. घरगुती क्लीनरमध्ये जी हवा ओढली जाते तीच मोटर थंड करते. शीट घट्ट बसली की हवा थांबली, मोटर तापली, वास आला, संपली. आपल्याला 'बायपास' मोटर लागते. हिला थंड हवेचा पंखा वेगळा असतो, त्यामुळे तोंड पूर्ण बंद झालं तरी जळत नाही. इंडस्ट्रियल वेट-ड्राय क्लीनरच्या सुट्या भागांत मिळते. १२०० ते १४०० वॉटची, दोन किंवा तीन टप्प्यांची घ्या. टप्पे जास्त तसा व्हॅक्यूम जास्त.

१३२५ ला अशा चार. प्रत्येकी ६ अँपिअर, म्हणजे २४. एका १६ अँपिअरच्या सॉकेटवर चारही लावू नका. दोन-दोनचे वेगळे सर्किट, ४ चौमिमी वायर, आणि एकेक करून सुरू.

प्लायची पेटी करा. शोषणाचा कप्पा एकीकडे, थंड हवेचा दुसरीकडे, आणि बाहेर पडणारी गरम हवा पुन्हा थंड कप्प्यात येणार नाही अशी मधली भिंत. प्रत्येक मोटरच्या तोंडाशी रबराची झडप लावा. ती विसरलात तर बंद मोटरमधून उलटी हवा शिरते आणि बाकीच्या तिघी तिचंच भोक भरत बसतात.

फेज_गेली
एक बाजू राहिली. या मोटरचे कार्बन ब्रश असतात. आयुष्य साधारण ६०० ते ८०० तास. दिवसाला ८ तास चालवल्या तर पंचाहत्तर ते शंभर दिवस. धागाकर्त्यांचं १० शीटचं काम म्हणजे जवळपास दिवसभर. वर्षाला तीनदा मोटर बदलायच्या असतील तर रिंग ब्लोअर (फिरत्या चाकाने हवा ओढणारा, बिनब्रशचा) घ्या.

गुण्या
रिंग ब्लोअरला माझा पाठिंबा. ब्रश नाही, तेल नाही, पाणी नाही. ५.५ किलोवॉट, दोन टप्प्यांचा, थ्री फेज, ४१५ व्होल्टला ११ अँपिअरच्या आसपास. हवा तासाला ३०० घनमीटरच्या घरात आणि व्हॅक्यूम ३०० मिलिबारपर्यंत, म्हणजे ३० किलोपास्कल. क्लीनर मोटरच्या दीडपट.

दोन गोष्टी पाळा. रिलीफ व्हॉल्व्ह (व्हॅक्यूम हद्दीबाहेर गेला की हवा आत सोडणारा) लावाच. क्लीनरची मोटर तोंड बंद झाल्यावर हलकी होऊन जास्त पळते आणि कमी करंट घेते; ब्लोअरचं उलट, तोंड बंद झालं की करंट चढतो आणि बॉडी तापते. दुसरं, आधी फिल्टर. त्यात एक खडा गेला की इंपेलर आणि बॉडीमधली बारीक फट खरवडली जाते.

ठिबक
फिल्टरसाठी ट्रॅक्टरचं एअर क्लीनर चालेल का? भंगारात मिळतं.

गुण्या
ट्रॅक्टरचं अपुरं. ३ लिटरचं इंजिन २००० आरपीएमवर मिनिटाला ३००० लिटर ओढतं, म्हणजे तासाला १८० घनमीटर. ट्रकचं घ्या: ६ लिटर, २४०० आरपीएम, म्हणजे ४३० च्या पुढं. कागदी काडतूस दर पंधरवड्याला झटका. आतून हवा मारा, बाहेरून नाही.

तळकोकण
वॉटर रिंग पंपाला कोणी वाली नाही काय? खोल व्हॅक्यूम देतो, धूळ-पाणी सगळं पचवतो.

शून्य_अंश
देतो, पण कॅटलॉगातला आकडा १५ अंशाच्या पाण्याचा असतो. आपल्याकडे मे महिन्यात टाकीतलं पाणी ४० अंश. तेव्हा पाण्याचा स्वतःचा बाष्पदाब ७४ मिलिबार, त्याच्या खाली पंप जाऊच शकत नाही. ते एक वेळ चालेल, पण बोअरच्या जड पाण्याने आत क्षाराचा थर चढतो. फिरतं पाणी, थंडावा, मऊ पाणी एवढं सगळं जमत असेल तर उत्तम पंप. साताठ लाखांत पहिलं मशीन घेणाऱ्याला मी सुचवणार नाही.

ठिबक
गायींच्या मिल्किंग मशीनचा पंप? कोल्हापूर-सांगलीकडे जुने ढिगाने पडलेत.

भुसा
प्लाय दूध देईल का बघा आधी 😄

शून्य_अंश
हसू नका, प्रश्न चांगला आहे. तो ऑइल व्हेन पंप असतो आणि ५० किलोपास्कलपर्यंत आरामात जातो. पण हवा मिनिटाला दोनशे-तीनशे लिटर, म्हणजे तासाला १२ ते १८ घनमीटर. एमडीएफमधून गळणारी हवा त्याच्या कितीतरी पट. पूर्ण बेडला जोडला तर काटा हलणारही नाही. फ्रिजच्या कॉम्प्रेसरचंही तेच, तो तर अजून बारीक.

मात्र गळती शून्य असेल तिथं हाच पंप राजा. एकाच मापाची शटर रोज खाचायची असतील तर एचडीएचएमआरचा (दाट, ओल न धरणाऱ्या बोर्डाचा) फर्मा करा, कडेने ८ मिमी रबरी गोल दोरीची खाच पाडा, मधे एक भोक. ५०० बाय ३०० च्या शटरवर ५० किलोपास्कल म्हणजे साडेसातशे किलो. तेलाचा धूर पाइपने बाहेर सोडा, नाहीतर लॅकर मारलेल्या कामावर बसतो.

आठ_बाय_चार
म्हणजे ब्लोअरवर मन बसतंय. आता टी-स्लॉटवर बेड कसा करायचा ते कोणी पायरी-पायरीने सांगाल का?

लांबीरुंदी
सांगतो. लांब होईल.

खालचा बोर्ड १८ मिमी एचडीएचएमआर, कारण त्यातून हवा जात नाही. टी-स्लॉटला काउंटरसंक बोल्टने आवळा, बोल्टची डोकी सिलिकॉनने भरा, तिथून हमखास गळतं. तो मशीनवरच सपाट करा. मग त्याचे चार विभाग करा, प्रत्येक १२२० बाय ६१०. विभागांमध्ये २५ मिमीची भिंत सोडा. प्रत्येक विभागात १२ मिमी रुंद, ८ मिमी खोल खाचांची जाळी, दर ५० मिमीवर. मधे ३८ मिमीचे चौकोनी ओटे राहतात, ते वरच्या बोर्डाला आधार देतात. ओटे गाळून मोठा पोकळ हौद करायचा मोह होतो, करू नका. ३० किलोपास्कलवर पूर्ण बेडवर ९ टनांचा भार येतो, बोर्ड मधे खचेल. खाचांना दोन हात पीयू (पॉलियुरेथेन) मारा.

प्रत्येक विभागाला खालून ६३ मिमीचं भोक. तिथून ठिबक सिंचनाचा ६३ मिमीचा बॉल व्हॉल्व्ह, कृषी सेवा केंद्रात मिळतो तोच. पुढं ११० मिमीचा शेतीचा ४ किलोचा पीव्हीसी पाइप. काटकोनी एल्बो टाळा, लांब बेंड वापरा.

वर स्पॉइलबोर्ड (बिट थोडा घुसला तरी चालेल असा वरचा बोर्ड): १८ मिमी साधा, इंटिरियर ग्रेड एमडीएफ. इथं लोक चुकतात. प्रीलॅम (आधीच लॅमिनेट चढवलेला) नको, एचडीएचएमआर नको, बाहेरच्या ग्रेडचा दाट बोर्डही नको. यांतून हवा येत नाही. साध्या एमडीएफचीसुद्धा वरची-खालची अर्धा मिमी साल दाट असते. व्हॅक्यूम चालू ठेवून एक बाजू ०.५ मिमी सोला, उलटा करा, दुसरी सोला. मग चारही कडा फेव्हिकॉल आणि पाणी निम्मे-निम्मे करून दोनदा, वर ऑइल पेंट. कडा उघड्या राहिल्या तर निम्मा ब्लोअर कडेनेच हवा खातो. बोर्ड स्क्रूने धरायची गरज नाही, व्हॅक्यूमच धरतो.

गुण्या
@लांबीरुंदी, मस्त. पण मशीन घेताना झेडची उंची सांगा त्यांना. १८ अधिक १८ म्हणजे ३६ मिमी बेडमध्येच गेले. गँट्रीखाली १३० मिमी असेल तर लांब बिट लावून जाड लाकूड घालायला जागा उरत नाही. २०० मिमीचं मागा.

आठ_बाय_चार
गळती तपासायची कशी? गेज लावू?

तळकोकण
गेज शंभर टक्के. ० ते ७६० मिमी पाऱ्याचा व्हॅक्यूम गेज घ्या, प्रत्येक विभागाला एक. २० किलोपास्कल म्हणजे १५० मिमी. आधी बेडवर प्लॅस्टिकचा कागद अंथरून आकडा घ्या, मग मोकळ्या बेडवर, मग शीट ठेवून. प्लॅस्टिक असतानाही आकडा कमी आला तर गळती पाइपात किंवा सांध्यात आहे, बोर्डात नाही.

सांधा शोधायला अगरबत्ती. सांध्याभोवती हळू फिरवा, धूर आत ओढला गेला की तिथं सिलिकॉन.

फेज_गेली
अगरबत्तीआधी भुसा झाडा. एमडीएफची बारीक धूळ आणि निखारा यांचं जमत नाही.

ठिबक
गेजऐवजी गवंड्याचा लेव्हल पाइप चालेल ना? पाणी भरून यू करायचा.

तळकोकण
चालेल, पण २० किलोपास्कलला पाण्यात २ मीटरचा फरक पडतो. यूचे दोन्ही पाय अडीच मीटर उंच ठेवा आणि मधे एक बाटली लावा, नाहीतर पाणी थेट ब्लोअरमध्ये.

रंध्याचा_पाता
सगळे पंपावर बोलताय, गळती बिटच करतो. ६ मिमीचा बिट २० मीटर फिरला की १२०० चौसेंमीची चीर उघडी. शीट जसजशी कापली जाते तसा काटा उतरतो. म्हणून क्रम महत्त्वाचा: लहान तुकडे शीटच्या मधे मांडा आणि आधी कापा, शीट अखंड असताना. मोठे कडेला, शेवटी.

लहान तुकड्यांना कातडी ठेवा. १८ मधले १७.५ कापा, अर्धा मिमी सोडा, आणि शेवटी एक हलका पास. कागदावर बघा, १८ मिमीला १८ किलो, तर अर्ध्या मिमीला अर्धा किलो. मग ६ किलोचं घर्षणही पुरतं. बिट कॉम्प्रेशन (खाली वर ओढणारं, वर खाली दाबणारं अशा दोन उलट वळणांचा) असेल तर पहिला पास खालच्या उलट्या वळणापेक्षा खोल जायला हवा, नाहीतर वरचा मायका फाटतो. नुसता अपकट (भुसा वर फेकणारा) बिट शीट वर उचलतो, व्हॅक्यूमवर टाळा.

फीड (बिट पुढं सरकायचा वेग): १८००० आरपीएम, दोन धारा, दर दाताला ०.२५ मिमी, म्हणजे मिनिटाला ९ मीटर. भीतीने ३ वर आणू नका, बिट घासून जळतो.

आठ_बाय_चार
आणि जाळी? तिथं तर निम्मी शीट भोकंच.

रंध्याचा_पाता
जाळीला व्हॅक्यूमवर फार भिस्त ठेवू नका. ८ मिमी एमडीएफला ०.४ ची कातडी ठेवून पूर्ण कापा, उलटी करून सँडरने कातडी उडवा. दोन फायदे: हवा गळत नाही आणि सुटलेले तुकडे बिटात अडकून उडत नाहीत. शिवाय कडेच्या वाया जाणाऱ्या पट्टीत स्क्रू.

भुसा
बघा, शेवटी स्क्रू आलाच.

लांबीरुंदी
😄 मान्य. वाकलेल्या प्लायचं राहिलं. फुगवटा वर, कडा बेडला टेकलेल्या अशी ठेवा, मधे हाताने दाबलं की धरते. उलटी, म्हणजे कडा उचललेल्या ठेवल्या तर हवा कडेनेच येते आणि कितीही मोठा ब्लोअर ती खाली आणत नाही. अर्धी शीट कापायची असेल तर उरलेल्या बेडवर मायक्याचे तुकडे टाका आणि तो विभाग बंद करा.

आठ_बाय_चार
मग असं ठरवतोय: टी-स्लॉट मशीन, २५ मिमी रेल, क्लोज्ड लूप, गँट्रीखाली २००, साडेचार किलोवॉट एअर-कूल्ड. बेड घरी. ब्लोअर ५.५, ट्रकचा फिल्टर, रिलीफ व्हॉल्व्ह. काही चुकतंय?

शून्य_अंश
बरोबर आहे. पुण्यात असाल तर एवढंच, ५६० मीटर उंचीवर हवेचा दाबच ६ टक्क्यांच्या आसपास कमी, त्यामुळे गेज थोडा कमी दाखवला तर ब्लोअरवाल्याशी भांडू नका. कोकणात असाल तर पावसाळ्यात स्पॉइलबोर्ड फुगतो, महिन्यातून एकदा ०.३ मिमी सोला. ८-१० मिमी उरेपर्यंत चालतो, उलट पातळ झाला की जास्त श्वास घेतो.

गुण्या
आणि झेडचं शून्य शीटच्या वरून नाही, स्पॉइलबोर्डवरून घ्या. १८ ची प्लाय म्हणून १७.२ ही येते आणि १८.५ ही. बोर्ड सोलल्यावर शून्य परत घ्यायला विसरलात तर अर्ध्या मिमीची कातडी ०.८ होते, शेवटचा पासही आरपार जात नाही, आणि सगळी शीट पटाशीने सोडवत बसावं लागतं.

आठ_बाय_चार
शून्य बोर्डवरून, सोलल्यावर परत. लिहून कंट्रोल पॅनलवर चिकटवतो.